नाव बाजूला ठेवून पाहताना

उज्जैनच्या टावर चौकात संध्याकाळी एक जुने स्नेही भेटले. हातात वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांचे पुस्तक. एक पान उघडून म्हणाले, "भाऊसाहेब, मला तर काही समजून नाही राहिलं. यात आहे तरी काय?" पानभर पिवळसर रंग, आणि अक्षरे वाटावीत पण वाचता येऊ नयेत अशा काही खुणा.

प्रश्न रास्त होता. त्याला आपल्याकडे दोन ठरीव उत्तरे मिळतात : 'हे अमूर्त आहे' किंवा 'हे ध्यान आहे'. २०१३ च्या मुंबईतील लिलावात त्यांच्या एका चित्राला २३ कोटी ७० लाख रुपये आले, तेव्हापासून तिसरेही मिळते. ही तिन्ही उत्तरे चित्राकडे न पाहता देता येतात, हीच माझी तक्रार.

गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले. म्हणजे त्या वेळच्या हिंदी-मराठी प्रांताच्या राजधानीत. आपल्या चित्रांना 'अमूर्त' म्हणणे त्यांना मान्य नव्हते. अमूर्त करायचे तर आधी मूर्त काही हवे. त्यांनी झाड किंवा माणूस पुसून चित्र केलेले नाही. त्यांची चित्रे वस्तुनिरपेक्ष आहेत.

हाच आक्षेप दूर अर्जेंटिनातही घेतला गेला होता. १९४४ साली ब्यूनस आयर्समध्ये 'आर्तुरो' या नियतकालिकाचा एकच अंक निघाला. त्यातून पुढे आलेल्या तरुणांनी विचारले : चित्र म्हणजे खिडकी नव्हे, तर मग चौकट चौकोनीच का? १९४६ च्या सुमारास 'मादी' गटाने वेड्यावाकड्या कडांची चित्रे केली. चित्र कशाचे तरी नसते, ते स्वतःच एक वस्तू असते, हे त्यांचे म्हणणे. रोसारियोत जन्मलेल्या लुचो फोंताना यांनी १९५८ पासून इटलीत कॅनव्हासच चिरला.

फोंताना सुरीने कॅनव्हासच्या पलीकडे गेले. गायतोंडे सुरी घेऊनच रंगाच्या आत शिरले. रोलरने आणि रंगसुरीने पातळ थर चढवायचे, खरवडायचे, कागदाचे तुकडे ओल्या रंगावर ठेवून उचलायचे. म्हणून उजेड वरून पडल्यासारखा न वाटता खालच्या थरातून वर येतो. यात कारागिराची मेहनत आहे; त्यांना ऋषी ठरवले की ती दिसेनाशी होते. काही चित्रांत त्या खुणा फार देखण्या होतात, नक्षीकडे झुकतात, असेही मला वाटते. पण असे म्हणायला आधी पाहावे लागते.

हे पाहणे आपल्याला, दोन भाषांत वाढलेल्यांना, अवघड का जावे? शाळेत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, घरी 'शिक्षा' म्हणजे छडी! नाव आणि वस्तू यांची गाठ सुटी असते, हे आपण पाटीवरच शिकलो. चित्राला नाव सापडले नाही म्हणून ते रिकामे ठरत नाही.

स्नेह्यांना एवढेच सांगितले : छापील पानावर थर दिसत नाहीत. अवंतिकेने मुंबईला जाताच आहात, तर तिथल्या वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन यांच्या संग्रहाची चौकशी करा. गायतोंडे भिंतीवर असले, तर दहा मिनिटे उभे राहा, आणि पाटी शेवटी वाचा.

पुस्तक मिटून ते म्हणाले, "दहा मिनिटं? बघतो." टावरच्या घड्याळाकडे आम्ही दोघांनीही एकदमच पाहिले.