ग्राफ्टनचा चेहरा

लंडनच्या ट्राफल्गार चौकातले सिंह घडवणारा एडविन लँडसीअर मूळचा चित्रकार, आणि त्याचे नाव घरोघरी पोचले ते कुत्र्यांच्या चित्रांमुळे. टेट संग्रहातले त्याचे ‘डिग्निटी अँड इम्प्यूडन्स’ हे 1839 सालचे तैलचित्र जेमतेम तीन फूट उंचीचे आहे. लाकडी खोपटाच्या तोंडाशी दोन कुत्रे दिसतात. ग्राफ्टन नावाचा धिप्पाड ब्लडहाउंड ऐसपैस बसलाय आणि त्याच्या बगलेतून स्क्रॅच नावाचा चिमुकला टेरियर डोकावतोय. दोघेही जेकब बेल या औषधविक्रेत्याचे. बेल हा लँडसीअरचा मित्र आणि त्याचे व्यवहार सांभाळणारा माणूस.

चित्राला आधी नुसते ‘डॉग्ज’ म्हणत. एक भारदस्त, एक आगाऊ, अशी जोडी लावणारे नाव मागाहून चिकटले आणि त्याने चित्राचे नुकसानच केले, असे मला वाटते. नाव वाचले की माणूस हसतो आणि पुढे सरकतो. ते विसरून ग्राफ्टनच्या पंजाकडे पाहावे. खोपटाच्या उंबऱ्यावरून तो बाहेर लोंबतोय. जुन्या डच व्यक्तिचित्रांत खिडकीशी बसलेल्या प्रतिष्ठित गृहस्थाचा हात असाच चौकटीबाहेर यायचा. लँडसीअरने ती बैठक उचलून सरळ कुत्र्याला दिली. गंमत आहे, पण कुत्सितपणा नाही. पंजा रंगवताना त्याने कुठेही थट्टा केलेली नाही. त्याचे वजन डोळ्यांना जाणवते.

आता चेहरा. ग्राफ्टनच्या मुद्रेवरचा पोक्तपणा येतो कुठून? कातडीतून. थोरल्या भावाचा सदरा धाकट्याच्या अंगात घालावा तशी ब्लडहाउंडची कातडी त्याच्या डोक्या-मानेवर सैल पडलेली असते. कपाळावर घड्या, गालांखाली लोंबते ओठ, गळ्याशी पोळी, खाली ओढलेल्या पापण्या. यात दुःख, चिंतन, न्यायाधीशाचा करारीपणा असे काहीबाही आपण वाचतो. कुत्रा बिचारा जेवणाची वाट पाहत असेल! स्वभावाने हा प्राणी मवाळ, लोचट म्हणावा इतका माणसाळलेला, आणि वास लागला की कुणाचेही न ऐकणारा हट्टी.

चित्रात ग्राफ्टनने मान वर ठेवली आहे, हे नीट ध्यानात घ्यावे. माग काढणारा ब्लडहाउंड असा दिसतच नाही. नाक जमिनीला लागते, कपाळाची कातडी घरंगळून डोळ्यांवर येते, लांब कान मातीवरून फरपटतात. हे कान आणि घड्या वास नाकाशी धरून ठेवतात, असे हाउंड पाळणारे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. भक्कम पुरावा मात्र कुणी दिलेला नाही. नाकाबद्दल वाद नाही. माणसाच्या अंगावरून सतत गळणाऱ्या त्वचेच्या कणांचा वास जमिनीवर, गवतावर रेंगाळतो आणि हा कुत्रा नेमका एकाच माणसाचा वास धरून, इतरांच्या वासांतून वाट काढत जातो. तो माणूस सापडला की सहसा चावत नाही, बहुधा चाटतो. आपल्याकडचा कारवान याच्या अगदी उलट: नजरेवर शिकार करणारा, अंगाला कातडी चिकटलेला, सडपातळ. डोळा आणि नाक यांनी दोन कुत्र्यांची शरीरे किती वेगळी घडवली!

या नाकाचा वंश आर्देनच्या जंगलातल्या सेंट ह्यूबर्टच्या मठाशी जोडला जातो. ह्यूबर्ट हा शिकाऱ्यांचा संत; तिथले संन्यासी हाउंड जोपासत आणि दरवर्षी काही फ्रान्सच्या राजाला नजर करत. पुढे ही जात बहरली ती इंग्लंडमध्ये. 1888 साली जॅक द रिपरच्या खुनांनी लंडन हादरले, तेव्हा एडविन ब्रफ या पाळणाऱ्याचे बार्नाबी आणि बर्गो हे दोन ब्लडहाउंड तिथे आणले गेले. पोलीस आयुक्त सर चार्ल्स वॉरन बागेत स्वतः पळून दाखवत होते आणि कुत्रे त्यांचा माग काढत होते. खुनी काही सापडला नाही.

लँडसीअरने प्रेमाने रंगवलेली प्रत्येक गोष्ट आजच्या पशुवैद्याच्या यादीत असते, आणि म्हणून हे चित्र मला परत परत पाहावेसे वाटते. उदास दिसणारी ती खालची पापणी सैल असल्याने डोळ्यात धूळ जाते, डोळा लाल होतो. त्या भारदस्त कानांत हवा खेळत नाही. आठवड्याला साफ केले नाहीत तर आत दुर्गंधी आणि पू. पाणी अरुंद, खोल भांड्यात द्यावे, म्हणजे कान बाहेर राहतात. घड्या पुसून कोरड्या ठेवाव्या लागतात. लाळेसाठी हाताशी पंचा हवाच. मान झटकली की भिंतींवर शिंतोडे. सगळ्यांत वाईट म्हणजे पोट. या खोल छातीच्या कुत्र्याचे जठर हवेने फुगून पीळ घेते आणि काही तासांत कुत्रा जातो. म्हणून दिवसातून दोन-तीनदा थोडेथोडे खायला घालायचे, जेवणाच्या आगेमागे पळवायचे नाही, पोट तट्ट दिसले की सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. ब्रिटनमधल्या एका पाहणीत या जातीचे आयुष्य सरासरी सात वर्षांच्याही आतच निघाले. आणि मोकळ्यावर साखळी सोडायची नाही. वासामागे निघालेल्या ब्लडहाउंडला मोटारी दिसत नाहीत.

स्क्रॅचविषयी मला फार सांगायचे नाही. तो चटपटीत आहे, चित्राला त्याची गरज आहे, पण लँडसीअरचे मन ग्राफ्टनमध्ये गुंतले आहे.

बेलने 1859 साली आपला संग्रह राष्ट्राला दिला. त्यात लँडसीअरचा आणखी एक ब्लडहाउंड आहे: 1835 चे ‘स्लीपिंग ब्लडहाउंड’. ती बेलची काउंटेस. मालकाच्या गाडीची चाहूल लागताच कठड्यावरून झेप घेताना ती वीस-पंचवीस फूट खाली कोसळली आणि मेली. बेल तिचे कलेवर घेऊन लँडसीअरकडे गेला, निदान एखादे रेखाटन तरी मिळावे म्हणून. त्याने पुरे तैलचित्र करून दिले. त्यात माणसासारखी ऐट नाही, डच बैठक नाही, शेजारी विदूषक नाही; कुत्र्याला फक्त कुत्रा म्हणून पाहिले आहे. प्रसिद्धी ग्राफ्टनला मिळाली, पण माझ्या मते दोन्हींत सरस चित्र काउंटेसचेच.