बदफैली आजोबा आणि त्यांची नात : ‘लिटल मिस सनशाइन’मधील वारशाचा प्रश्न

आजोबा आणि नातवंड यांच्या स्नेहावर उभारलेल्या कथांना पाश्चात्त्य बालसाहित्यात आणि चित्रपटात एक ठरावीक वळण पडलेले दिसते. योहाना स्पिरी यांच्या ‘हायडी’मध्ये (१८८०-८१) डोंगरावर एकटा राहणारा, गावाशी अबोला धरलेला म्हातारा नातीच्या सहवासाने माणसांत परततो. फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांच्या ‘लिटल लॉर्ड फॉन्टलरॉय’मध्ये (१८८६) संतापी, अहंमन्य अर्ल आपल्या अमेरिकेत वाढलेल्या नातवाच्या निर्व्याज विश्वासापुढे नमतो. हॉलिवूडने १९३०च्या दशकात शर्ली टेम्पल या बालतारकेच्या ‘द लिटल कर्नल’ (१९३५) व ‘हायडी’ (१९३७) या चित्रपटांतून हेच सूत्र लोकप्रिय केले. मूल निष्पाप असते, वृद्ध कठोर असतो आणि कथेच्या अखेरीस मूल वृद्धाचा उद्धार करते. येथे शिकतो तो वृद्ध; मुलाला शिकण्यासारखे काही उरलेलेच नसते.

जोनाथन डेटन आणि व्हॅलरी फॅरिस या दिग्दर्शक दांपत्याचा ‘लिटल मिस सनशाइन’ (२००६) हा चित्रपट वरवर पाहता याच परंपरेतील कौटुंबिक विनोदिका वाटतो. सात वर्षांची, गुबगुबीत, मोठ्या चष्म्याची ऑलिव्ह आणि तिचे आजोबा एडविन यांची जवळीक हा त्याचा गाभा आहे. तथापि मायकेल आर्न्ट यांची पटकथा परंपरेतील देवाणघेवाणीची दिशाच उलटी करते. एडविन सुधारत नाहीत. हेरॉइनच्या व्यसनापायी वृद्धाश्रमातून हाकलले गेलेले, तोंडाने शिवराळ आणि स्त्रीविषयक बढायांत रमणारे हे गृहस्थ चित्रपटात प्रवेश करतात तसेच निघूनही जातात. नातीच्या निरागसपणाचा त्यांच्यावर कसलाही संस्कार होत नाही. संस्कार करतात ते आजोबा. ज्याच्याकडे देण्यासारखे काही नाही असे सारे घर समजते, त्याच्याकडूनच मुलीला तिच्या आयुष्यातील एकमेव खरे शिक्षण मिळते, ही या चित्रपटाची मध्यवर्ती कल्पना होय. ही कल्पना जितकी धीट आहे, तितकीच तिच्या पोटात एक अडचणही आहे. त्या अडचणीला चित्रपट पुरता सामोरा जातो का, हा या लेखापुढील प्रश्न आहे.

कथा थोडक्यात अशी. न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्की येथे राहणाऱ्या हूवर कुटुंबातील ऑलिव्हला कॅलिफोर्नियातील रेडोंडो बीच येथे होणाऱ्या लहान मुलींच्या सौंदर्यस्पर्धेत अनपेक्षितपणे प्रवेश मिळतो आणि सारे कुटुंब एका जुन्या पिवळ्या फोक्सवॅगन गाडीतून निघते. वडील रिचर्ड यशाच्या नऊ पायऱ्यांचा कार्यक्रम विकू पाहणारे अयशस्वी वक्ते आहेत. मामा फ्रँक हे प्रूस्तचे अभ्यासक. ते आत्महत्येच्या प्रयत्नातून नुकतेच वाचले आहेत. भाऊ ड्वेन नीत्शे वाचून मौनव्रत घेऊन बसला आहे. वाटेत गाडीचा क्लच निकामी होतो आणि त्यानंतर प्रत्येक वेळी सर्वांनी मिळून ती ढकलावी लागते. या रूपकाची समीक्षकांनी पुरेशी वाखाणणी केली आहे. त्यावर येथे अधिक थांबण्याचे कारण नाही.

घरातील शिक्षणाची दोन प्रतिमाने चित्रपट समोरासमोर उभी करतो. रिचर्ड यांचे जग जिंकणारे आणि हरणारे अशा दोनच जातींत विभागलेले आहे. उपाहारगृहातील न्याहारीच्या प्रसंगात ते ऑलिव्हला आइस्क्रीम आणि लठ्ठपणा यांचा संबंध समजावून सांगतात. आवाज चढत नाही, शब्द समंजस असतात. मुलीच्या चेहऱ्यावरील आनंद मात्र ओसरत जातो. तिने बाजूला सारलेले आइस्क्रीम आजोबा आणि इतर मंडळी चवीने खाऊ लागतात, तेव्हा कुठे ती पुन्हा चमचा उचलते. येथे एडविन कसलाही उपदेश करीत नाहीत. वडिलांचे तत्त्वज्ञान ते खोडून काढत नाहीत, ते आइस्क्रीम खातात. त्यांच्या अध्यापनपद्धतीचे मर्म या छोट्या कृतीत आहे. उपदेशाच्या बाजारात उभ्या असलेल्या मुलाच्या घरात बाप उपदेश टाळून मुलीशी बोलतो, हा विरोध पटकथेने कोठेही शब्दांत मांडलेला नाही, म्हणूनच तो परिणामकारक होतो.

एडविन नातीच्या बाबतीत पूर्णतः बेफिकीर आहेत असेही नाही. गाडीत ते नातवाला, म्हणजे ड्वेनला, तारुण्याचा उपभोग कसा घ्यावा यावर अत्यंत असभ्य व्याख्यान देतात. पण त्या वेळी ऑलिव्हच्या कानांवर हेडफोन असतात. ती ते काढून विषय विचारते, तेव्हा राजकारण चालले आहे, असे उत्तर तिला मिळते. विनोद सरळ आहे, परंतु त्यातून या म्हाताऱ्याच्या मनातील एक सीमारेषा दिसते. कोणापुढे काय बोलू नये, हे या निर्लज्ज माणसाला कळते. ही सीमारेषा पुढे, चित्रपटाच्या अखेरीस, स्वतःच प्रश्नांकित होते.

चित्रपटाचे हृदय म्हणजे मोटेलमधील रात्रीचा प्रसंग. आजोबा आणि नात एका खोलीत आहेत. स्पर्धा दुसऱ्या दिवशी आहे. आपण सुंदर आहोत का, असे ऑलिव्ह विचारते आणि मग रडू लागते. आपल्याला ‘लूझर’ व्हायचे नाही, कारण वडिलांना असे लोक आवडत नाहीत, असे ती सांगते. एडविन तिला समजावतात की हरण्याच्या भीतीने जो प्रयत्नच करीत नाही, तोच खरा हरलेला. व्याख्या म्हणून पाहिले तर हे वचन फारसे नवे नाही. रिचर्ड यांच्या व्याख्यानातही ते सहज खपून गेले असते. फरक शब्दांत नसून बोलणाऱ्यात आहे. ज्याला स्वतःला जिंकण्याची आशा उरलेली नाही आणि हरण्याची लाजही नाही, अशा माणसाच्या तोंडी ते वाक्य बाजारातील नाणे राहत नाही. त्याआधी गाडीत, रिचर्ड यांचा व्यवहार फिसकटल्यावर, याच एडविन यांनी मुलाच्या धाडसाचे कौतुक केलेले असते. मुलगा आणि नात दोघांनाही ते एकच गोष्ट देतात. मुलाला ती स्वीकारता येत नाही, कारण त्याला अजून जिंकायचे आहे.

ॲलन आर्किन (१९३४-२०२३) यांनी हा प्रसंग ज्या संयमाने साकारला, त्याचा उल्लेख करणे अपरिहार्य आहे. दिवसभर ओरडणारा आवाज येथे खाली येतो, पण गोड होत नाही. या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले. चित्रपटाचे दुसरे ऑस्कर आर्न्ट यांच्या मूळ पटकथेला मिळाले. ऑलिव्हची भूमिका करणाऱ्या अबिगेल ब्रेस्लिनला नामांकन होते.

त्याच रात्री एडविन मरतात. विनोदिकेने आपले सर्वांत विनोदी पात्र कथेच्या मध्यावर मारावे, हा निर्णय साहसाचा म्हटला पाहिजे. रुग्णालयात नियम आडवे येतात: मृतदेह राज्याच्या हद्दीबाहेर न्यायचा तर परवाना हवा, आणि परवान्यासाठी थांबले तर स्पर्धा हुकते. तेव्हा रिचर्ड देह चादरीत गुंडाळून खिडकीतून बाहेर काढतात आणि गाडीच्या मागील कप्प्यात ठेवतात. पुढे पोलिस गाडी अडवतो, तेव्हा आजोबांनी मागवलेली अश्लील मासिके त्याच्या हाती लागतात. तो मिश्कीलपणे हसतो आणि देहापर्यंत पोहोचतच नाही. वृद्धाचे दुर्गुणच त्याच्या अखेरच्या प्रवासाचे रक्षण करतात. नीतिकथेची इतकी शांत थट्टा क्वचितच पाहायला मिळते.

मराठी प्रेक्षकाला येथे संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ची (२००४) आठवण होणे स्वाभाविक आहे. त्या चित्रपटातील आजोबा शस्त्रक्रियेने दृष्टी गमावणार असलेल्या नातवाला, परशुरामला, रुग्णालयातून कोणालाही न सांगता बाहेर नेतात. डोळे मिटण्यापूर्वी त्याने जग पाहावे, एवढीच त्यांची इच्छा असते. ‘श्वास’मध्ये आजोबा नातवाला रुग्णालयातून पळवतात, ‘लिटल मिस सनशाइन’मध्ये नातीचे कुटुंब आजोबांना पळवते. दोन्ही चित्रपटांच्या प्रकृतीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. अरुण नलावडे यांनी उभे केलेले कोकणातील आजोबा धीरगंभीर आणि आदरास पात्र आहेत. त्यांच्या नियमभंगामागील नैतिक अधिकार प्रेक्षक एका क्षणात मान्य करतो. एडविन यांना असा कोणताही अधिकार नाही. मात्र संस्थेच्या शिस्तीपेक्षा मुलाचा एक दिवस मोठा, हे दोन्ही चित्रपटांना सारखेच मान्य आहे. आदर्श वृद्धाच्या मुखातून जे सत्य सहज पटते, ते अनादर्श वृद्धाच्या बाबतीत पटवून देणे अधिक कठीण असते, आणि विनोदिकेची कसोटी तेथेच लागते.

कसोटीचा क्षण म्हणजे ऑलिव्हचे नृत्य. आजोबांनी तिला काय शिकवले आहे, हे घरातील कोणालाच ठाऊक नसते. पूर्ण नृत्य प्रेक्षकही प्रथम रंगमंचावरच पाहतो. तिच्याआधी येणाऱ्या मुली रंगवलेल्या चेहऱ्यांच्या, फुगवलेल्या केसांच्या आणि प्रौढ स्त्रियांसारख्या हावभावांच्या आहेत. या भूमिकांसाठी प्रत्यक्ष स्पर्धांत भाग घेतलेल्या मुलीच निवडण्यात आल्या होत्या, त्यामुळे त्या दृश्यांना माहितीपटाचा कोरडेपणा लाभला आहे. ऑलिव्ह आपले नृत्य आजोबांना अर्पण करते. ते कोठे आहेत असे निवेदकाने विचारताच, ते आमच्या गाडीच्या मागच्या कप्प्यात आहेत, असे निरागसपणे सांगते. मग रिक जेम्स यांचे १९८१चे ‘सुपर फ्रीक’ हे गाणे सुरू होते आणि ही मुलगी कपडे उतरवणाऱ्या नर्तकीच्या अंगविक्षेपांनी नाचू लागते. सभागृह संतापते. संयोजिका तिला थांबवण्यास सांगते, तेव्हा रिचर्ड मंचावर चढतात आणि थांबवण्याऐवजी स्वतः नाचू लागतात. पाठोपाठ सारे कुटुंब येते.

या दृश्याचा रूढ अन्वयार्थ असा की, सौंदर्यस्पर्धा ज्या गोष्टीला सभ्यतेच्या वेष्टनात विकते, तीच गोष्ट ऑलिव्हचे नृत्य उघडी करते. संतापलेले प्रेक्षक आपल्याच प्रतिबिंबावर संतापलेले असतात. हा अन्वयार्थ बरोबर आहे, पण अपुरा आहे. त्यात आजोबांची जबाबदारी कोठेच येत नाही. नातवाशी असभ्य बोलताना नातीच्या कानांवरील हेडफोनचा आधार घेणाऱ्या या माणसाने तिला हेच नृत्य का शिकवले? ते त्यांना माहीत असलेले एकमेव नृत्य होते काय? की स्पर्धेची खिल्ली उडवण्यासाठी त्यांनी नातीचा उपयोग केला? दुसरी शक्यता खरी मानली, तर मोटेलमधील त्या हळुवार प्रसंगावरही तिची सावली पडते. ज्या मुलीला उद्या लोक हसतील हे ठाऊक आहे, तिला धीर देणारा आजोबा मग प्रेमळही ठरतो आणि काहीसा क्रूरही. एडविन यांचा मृत्यू हा प्रश्न विचारण्याची सोयच काढून घेतो. पटकथेच्या दृष्टीने ही युक्ती कुशल आहे. नैतिक दृष्टीने ती पळवाट आहे. ऑलिव्हला नृत्याचा अर्थ कळत नाही, यावर सारा विनोद उभा आहे, आणि मुलीच्या अज्ञानावर हसण्याच्या बाबतीत चित्रपटगृहातील प्रेक्षक स्पर्धेच्या प्रेक्षकांहून फार वेगळा राहत नाही.

तरीही दृश्य कोसळत नाही, याचे श्रेय नृत्याआधीच्या एका लहान प्रसंगाला द्यावे लागेल. मौन सोडलेला ड्वेन आणि भेदरलेले रिचर्ड ऑलिव्हला मंचावर जाण्यापासून रोखू पाहतात. तिला वाचवण्याची त्यांची इच्छा खरी असते. आई शेरिल मात्र निर्णय मुलीवर सोपवते. जायचे नसेल तर कोणी रागावणार नाही, असेही सांगते. ऑलिव्ह क्षणभर विचार करते आणि जाते. आजोबांचे शिक्षण तिच्यात कितपत रुजले याची परीक्षा नृत्यात नव्हे, तर या क्षणभराच्या विचारात आहे. हा क्षण शक्य करते ती आई, आणि येथे पटकथेवर आणखी एक आक्षेप घेणे भाग आहे. टोनी कोलेट यांनी साकारलेली शेरिल घराचा सारा भार वाहते: भावाची शुश्रूषा, नवऱ्याची दिवाळखोरी, रोजचे बाहेरून आणलेले जेवण आणि त्यावरील सासऱ्यांची कुरकुर. आजोबांना नातीशी इतके मोकळे राहता येते, कारण परिणामांची काळजी वाहणारे दुसरे कोणीतरी घरात आहे. आजी-आजोबांच्या स्नेहाचे हे मूल्य मधली पिढी, विशेषतः तीतील स्त्री, चुकते करीत असते. कुटुंबातील प्रत्येक पुरुषाला चित्रपट एकेक शोकांतिका बहाल करतो. शेरिलच्या वाट्याला अशी एकही येत नाही.

अखेरीस ऑलिव्हने कॅलिफोर्नियात पुन्हा कधीही सौंदर्यस्पर्धेत भाग घेऊ नये, या अटीवर कुटुंबाची सुटका होते. जिंकण्याखेरीज दुसरे काहीही न मानणाऱ्या रिचर्ड यांच्या चेहऱ्यावर ही अट ऐकताना पराभवाची खूण दिसत नाही. भोंगा अडकून वाजत राहिलेली गाडी पुन्हा ढकलायची असते, आणि या वेळी ती ढकलणाऱ्यांत आजोबा नसतात.