नकलेची प्रतीक्षा : ‘राग दरबारी’तील शासनदर्शन

श्रीलाल शुक्ल यांच्या ‘राग दरबारी’ (१९६८) या हिंदी कादंबरीत शासन कोठेही अदृश्य नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. शिवपालगंजात पोलीस ठाणे आहे, सहकारी संघ आहे, इंटर कॉलेज आहे; आणि या साऱ्यांवर वैद्यजींची छाया आहे. काफ्काच्या नायकाला सत्तेचा चेहराच दिसत नाही. येथे मात्र प्रत्येक चेहरा ओळखीचा आहे, आणि तरीही हाती काही लागत नाही.

लंगडचे उपकथानक या दृष्टीने कादंबरीचा गाभा ठरते. तहसील कचेरीतून त्याला एका दस्तऐवजाची नकल हवी आहे. चिरीमिरीच्या दरावरून कारकुनाशी बिनसते. लंगड लाच न देण्याची शपथ घेतो आणि कारकूनही नियमानेच नकल देण्याची. येथेच शुक्लांची विलक्षण प्रतिभा दिसते. नियम मोडून नव्हे, तर नियम पाळूनच माणसाला दाराबाहेर ठेवता येते, हे त्यांनी पुरते ओळखले आहे. उत्तर प्रदेशच्या प्रशासकीय सेवेतील अनुभवामुळे कचेरीची ही भाषा त्यांना आतून अवगत होती. अर्जात त्रुटी निघत राहतात, खेटे चालूच राहतात. अखेर नकल तयार झाल्याची सूचना फलकावर लागते. पण लंगड तेव्हा गावी आजारी असतो. मुदत टळते आणि नकल नष्ट केली जाते.

१८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीराव फुल्यांनी रयत आणि सरकार यांच्यामधील कामगारवर्गाचा पडदा दाखविला होता. तथापि पडद्यापलीकडील सरकारला गाऱ्हाणे ऐकविता येईल, ही आशा फुल्यांच्या लेखनात शिल्लक आहे. शुक्लांकडे ती नाही, आणि त्यांच्या उपरोधाची मर्यादाही येथेच जाणवते. लंगडच्या श्रद्धेला गाव हसते, आणि निवेदकही अनेकदा त्या हसण्यात सामील होतो. (स्त्रिया तर या गावात जवळजवळ नाहीतच.) संशोधक रंगनाथ हळहळतो, इतकेच.

२००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने माहिती देण्यास सामान्यतः ३० दिवसांची मुदत घातली. त्यामुळे हे उपकथानक कालबाह्य झाले, असे कोणी म्हणेल. परंतु लंगडला नकलेचा हक्क नव्हता, असे शुक्लांनी कोठेही सुचविलेले नाही. सूचना रीतसर लागली होती. मात्र ती तहसिलीच्या भिंतीवर होती, आणि लंगड ज्वराने फणफणत आपल्या गावी पडला होता.