चाकराची शोकांतिका : टोळीपटांतील इमान आणि दगा

गुन्हेगारी टोळ्यांचे चित्रण करणाऱ्या कलाकृतींची चर्चा आपल्याकडे बहुधा हिंसेच्या उदात्तीकरणाच्या अंगाने होते. इज्जत, इमान आणि गद्दारी या मूल्यत्रयीची दखल घेतली गेलीच, तर ‘चोरांतलीही एक नीती’ म्हणून. परंतु या नीतीचे बंधन कोणावर आहे आणि ते मोडण्याची मुभा कोणाला आहे, हा प्रश्न विचारल्यावाचून या कलाकृतींची अंतर्रचना उलगडत नाही.

‘द गॉडफादर’मध्ये (१९७२) दगा खालून आणि आतून येतो. जुना साथीदार टेसिओ फितूर होतो; दुसऱ्या भागात (१९७४) सख्खा भाऊ फ्रेडो. दोघांनाही शासन करणारा मायकेल सत्ता राखता राखता एकाकी होत जातो. ही सत्ताधीशाची शोकांतिका आहे.

मुंबईच्या टोळीपटांत दिशा नेमकी उलट आहे. ‘सत्या’मध्ये (१९९८) भिकू म्हात्रे आणि सत्या यांच्या मैत्रीला कुठेही तडा जात नाही. भिकूला मारतो तो भाऊ ठाकुरदास जावळे, ज्याच्यासाठी भिकूने जिवावर उदार होऊन कामे केली तो धनी. आणि तेही निवडणूक जिंकल्यानंतर, गरज सरल्यावर. ‘वास्तव’मध्ये (१९९९) रघू आणि देडफुट्या अखेरपर्यंत एकमेकांचे असतात; रघूवर उलटतो तो त्याला वापरून घेणारा मंत्री. बरोबरीचे दगा देत नाहीत, दगा वरून येतो. म्हणून याला चाकराची शोकांतिका म्हणावे लागते.

मराठीत इमानाची कल्पना ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ या वाक्प्रचाराशी निगडित आहे. वतनदारीच्या जगात हा व्यवहार निदान तत्त्वतः दुहेरी होता : चाकराने निष्ठा द्यावी, धन्याने वतन आणि आश्रय द्यावा. टोळीत या व्यवहाराचा पहिला अर्धाच उरतो. ‘भाऊ’, ‘मामा’ ही नात्यांची संबोधने धनी-चाकर संबंधावर आप्तपणाचे पांघरूण घालतात. भिकूला दगा ओळखता येत नाही याचे कारण त्याच्या भोळेपणात नसून या भाषेत आहे. ‘गद्दार’ हा शब्द तिथे केवळ खालच्यासाठी राखून ठेवलेला असतो. धन्याच्या दग्याला तिच्यात नावच नाही.

हे एकतर्फी इमान पत्करणारे तरुण कोठून आले, याचे उत्तर जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकात मिळते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते. त्यानंतर उद्ध्वस्त झालेल्या गिरणगावातील एका कुटुंबातला नरू टोळीकडे वळतो. युनियनची एकजूट बरोबरीच्यांची होती. तिच्या जागी आली ती धन्यावरची निष्ठा. विशेष म्हणजे पवार टोळीला रंगमंचावर आणत नाहीत, ते चाळीतले घर दाखवतात. त्यामुळे इमानाला झळाळी चढत नाही, त्याची किंमत मात्र दिसत राहते.

ही किंमत स्त्रिया मोजतात, आणि इथे आपले विधान काहीसे मर्यादित करावे लागते. बरोबरीच्यांशी प्रामाणिक राहणारा सत्या विद्यापासून स्वतःचे सारे आयुष्य लपवतो. हीही प्रतारणाच; पण टोळीच्या संहितेत तिची गणना दग्यात होत नाही. पुरुषांमधील इमान निष्कलंक राहते ते घरातील विश्वासघात हिशेबाबाहेर ठेवल्यामुळे.

या दृष्टीने ‘वास्तव’चा शेवट पाहावा. आई स्वतःच्या हाताने रघूला गोळी घालते. ‘मदर इंडिया’मधील (१९५७) राधाही मुलाला मारते, परंतु तिच्या पाठीशी गाव असते, आणि गावाची इज्जत राखण्यासाठी ती गोळी सुटते. रघूच्या आईजवळ राखण्यासारखी कोणाचीच इज्जत उरलेली नाही. ती केवळ मुलाला यातनांतून सोडवते. ज्या क्षणी इज्जत हा शब्द अर्थशून्य होतो, त्याच क्षणी या चित्रपटातील एकमेव खरे इमान प्रकट व्हावे, आणि ते टोळीबाहेरच्या स्त्रीचे असावे, हा या परंपरेने स्वतःवरच दिलेला निवाडा होय.