काचेतला 'बाल' आणि वेगवान कॅमेरा

हॅरॉल्ड एजर्टन यांनी 1933 मध्ये टिपलेले, हातोडीच्या घावाने फुटणाऱ्या काचेचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. डोळ्यांना न गवसणारा क्षण त्यांनी दृश्य केला, हे श्रेय निर्विवाद होय. परंतु एकाच चित्रावरून तड्याचा वेग कळत नाही. ही उणीव भरून काढणारी पद्धत क्रान्त्स व शार्डिन यांनी जर्मनीत 1929 मध्येच सिद्ध केली होती. एकापाठोपाठ उडणाऱ्या ठिणग्यांच्या प्रकाशात ते चित्रमालिका घेत. शार्डिन यांनी पुढे ही पद्धत काचेला लावली. साध्या काचेत तड्याचा वेग सेकंदाला सुमारे 1500 मीटरपलीकडे जात नाही, असे त्यातून दिसून आले.

हा आकडा काच घासण्याच्या क्रियेला जसाच्या तसा लावणे मात्र योग्य वाटत नाही. घासताना कठीण दाण्याखाली पडणारा तडा बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान असतो. सेकंदाला 10 लाख चित्रे घेणारा कॅमेरा वापरला, तरी दोन चित्रांमधील अवधीत पूर्ण वेगाचा तडा दीड मिलिमीटर जातो. म्हणजे आपला तडा त्या मधल्या अवधीतच पडून थांबलेला असू शकतो.

शिवाय प्रत्येक तडा वेगाने धावतोच असे नाही. टोकदार दाबाखाली काच कशी तडकते, याचा अभ्यास लॉन व स्वेन यांनी 1975 मध्ये प्रसिद्ध केला. दाब वाढताना उभा तडा खोल उतरतो. दाब काढताना आडवे तडे पसरतात. आडवा तडा पृष्ठभागाशी पोहोचला की टवका उडतो. उभा तडा आतच राहतो.

येथे भाषेची मदत होते. मराठीत 'तडा' आणि 'टवका' हे शब्द वेगळे आहेत. काचेतील केसासारख्या तड्याला उर्दूत 'बाल' म्हणतात. वर्गात सर्वच क्रियांना 'फुटणे' म्हटले, तर हा भेद विद्यार्थ्यापर्यंत पोहोचत नाही. उडणारा टवका कॅमेऱ्यात सहज सापडतो. मागे उरलेला बाल शोधण्यासाठी काच तिरपी घासून, आम्लाने कोरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. भिंगाची मजबुती मात्र याच बालावर अवलंबून असते.

म्हणून अशी छायाचित्रे वर्गात अवश्य दाखवावीत. पण प्रत्येक चित्राखाली मोजपट्टी आणि दोन चित्रांमधील काळ लिहिलेला असावा, आणि चित्रात काय दिसत नाही, हेही विद्यार्थ्यांना विचारावे.