एकट्याचा खेळ आणि धर्मसंकट

संगणकावर एकट्याने खेळावयाच्या खेळांचे प्रकार आता इतके वाढले आहेत की, त्यांतून निवड कशी करावी हा प्रश्न कोणासही पडावा. मारामारीचा, राज्यविस्ताराचा, कोड्याचा अशी नावे त्यांस असतात. परंतु ही नावे हात काय करतील एवढेच सांगतात, मनाला काय करावे लागेल हे सांगत नाहीत. तीन खेळ शेजारी ठेवले म्हणजे हा भेद ध्यानी येईल.

ज्या घरात देवळाची घंटा रोज ऐकू येते, तेथे पहिली पसंती ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ या खेळाला मिळेल, आणि ते स्वाभाविकच आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने तो २०२० साली प्रसिद्ध केला. असुरांनी पळविलेल्या धाकट्या भावाच्या शोधार्थ निघालेली राजी दुर्गेचा त्रिशूळ हाती घेते. दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून तिची कथा उलगडते. मधले प्रसंग छायाबाहुल्यांच्या रीतीने दाखविले आहेत. पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांस ते विशेष रुचतील. डोळे तृप्त होतात, यात संशय नाही. तथापि खेळणाराने करावयाचे ते एवढेच : उड्या घेणे, भिंती चढणे आणि असुरांस मारणे. असुर कोण हे आधीच ठरलेले असल्यामुळे विवेकाला तेथे काम उरत नाही.

सिड मायर व ब्रूस शेली यांनी १९९१ साली रचलेला ‘सिव्हिलायझेशन’ हा बुद्धीचा खेळ. इ. स. पूर्व ४००० पासून एका लोकसमूहाचे अधिपती होऊन नगरे वसवावयाची, विद्या संपादावयाच्या, शेजाऱ्यांशी तह किंवा युद्ध करावयाचे. ‘आणखी एकच पाळी’ म्हणता म्हणता मध्यरात्र उलटते. परंतु येथे प्रजा सुखी किती आणि असंतुष्ट किती, एवढीच मोजली जाते. तिच्यातील कोणी एक माणूस आपले दुःख घेऊन समोर येत नाही.

तो येतो लुकस पोप यांच्या ‘पेपर्स, प्लीज’ या २०१३ सालच्या खेळात. काळ १९८२ चा, राष्ट्र कल्पित; आपण सीमेवरील चौकीत बसून प्रवाशांची कागदपत्रे तपासावयाची. जितकी माणसे बिनचूक तपासू तितके वेतन, आणि त्यातच घरभाडे, अन्न, ऊब व औषध भागवावयाचे. चुकले तर आधी ताकीद, मग दंड. एक गृहस्थ योग्य कागद दाखवून पुढे जातो आणि मागून येणाऱ्या पत्नीवर दया करा, असे विनवितो. तिच्यापाशी प्रवेशपत्र नसते. शिक्का कोणता मारावा?

या खेळाचे रूप रुक्ष आहे आणि काम कंटाळवाणे. कित्येकांस तो खेळच वाटणार नाही. देवाचे चित्र तर त्यात एकही नाही. परंतु आपण ज्याला धर्मसंकट म्हणतो, ते या तिहींपैकी येथेच खऱ्या अर्थाने भेटते. कारण निर्णय आपला असतो आणि त्याचे फळ आपल्याच घरातल्यांना भोगावे लागते.

मुलांना जवळ बसवून खेळावयाचे असेल तर ‘राजी’ अवश्य घ्यावा. सवडीचे दिवस असतील आणि मनावर ताबा असेल, तर ‘सिव्हिलायझेशन’. मात्र एकाच खेळास वेळ देता येणार असेल, तर आम्ही सीमेवरची ती चौकीच निवडू. देवादिकांचे दर्शन खेळात घडणे ही एक गोष्ट झाली. आपली पारख होणे ही निराळी.