राजकीय कटकथा आणि काळाची कसोटी

राजकीय कटाची कादंबरी हाती आली की वाचक रात्र जागवतो. वीस वर्षांनी तीच पुन्हा उघडावी, तर कित्येकदा चार पानेही उलटवत नाहीत. काही कटकथा मात्र टिकून राहतात. असे का व्हावे?

फ्रेडरिक फोर्साइथ यांच्या दोन कादंबऱ्या शेजारी ठेवून पाहू. ‘द फोर्थ प्रोटोकॉल’ (१९८४) मध्ये ब्रिटनमधील निवडणुकीचा कौल फिरवण्यासाठी रशियन हेर अणुस्फोट घडवू पाहतात. १९९१ साली सोव्हिएत संघच विसर्जित झाला आणि त्या भयाचा आधार नाहीसा झाला. ‘द डे ऑफ द जॅकल’ (१९७१) ची गोष्ट निराळी. द गॉल यांचा खून झाला नाही, हे वाचकाला आरंभीच ठाऊक असते. तरीही मारेकऱ्याची थंड तयारी आणि त्याचा माग काढणारा चिकाटीचा पोलीस अधिकारी आपल्याला शेवटपर्यंत धरून ठेवतात.

मराठीत अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांवर जब्बार पटेल यांनी ‘सिंहासन’ (१९७९) हा चित्रपट काढला. एका निनावी दूरध्वनीवरून मुख्यमंत्र्यांना आपल्याविरुद्धच्या कटाची खबर मिळते. आज असा निनावी दूरध्वनी तितका गूढ वाटत नाही. कोणते पात्र कोणावरून बेतले, ही त्या काळची चविष्ट चर्चाही तरुण वाचकाला परकी आहे. एवढा भाग जुना झाला, हे मान्य केले पाहिजे. परंतु सारे जाणणारा आणि काहीही बदलू न शकणारा पत्रकार दिगू टिपणीस आजही अस्वस्थ करतो.

याच दिग्दर्शकाचा, विजय तेंडुलकर यांनी लिहिलेला ‘सामना’ आम्हाला अधिक टिकाऊ वाटतो. १९७५ च्या बर्लिन महोत्सवात तो स्पर्धेत होता. त्यातील साखर कारखान्याचे जग नगर जिल्ह्याला समजावून सांगावे लागत नाही. हरेगावच्या यात्रेची वाटही उसाच्या मुलखातूनच जाते. हिंदुराव धोंडे पाटलांच्या राज्यातून मारुती कांबळे नाहीसा होतो. संशय कोणाकडे जातो, हे चाणाक्ष प्रेक्षक लवकर ओळखतो. निव्वळ रहस्यकथा तेथेच संपली असती. पण दारूने खचलेला एक मास्तर मारुतीची चौकशी सोडत नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे ते तोंड उघडत नाहीत. कट चार माणसांचा असतो. त्याला पोसणारे मौन गावाचे असते. सरकारे बदलली तरी ते मौन बदलत नाही, म्हणून चित्रपट शिळा होत नाही.

आमची वाचकांना एकच विनंती आहे. घरातील मोठ्या मुलांसमवेत ‘सामना’ एकदा पाहावा. अपराधी कोण, हे ती आपणहून सांगतील. गावात किती जणांना ठाऊक होते, एवढे त्यांना विचारावे.